गणिताच्या पेपरात अडलेले वाचन

पायाभूत चाचणीचे गुण कळले की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘मुलाचे गणित इतके कच्चे कसे राहिले, आणि आता शिकवणी लावायची का?’ हाच प्रश्न घेऊन जुलै २०२४ मध्ये चौथीतील एका मुलाचे आईवडील आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गणितात निम्म्याहूनही कमी गुण होते आणि भाषेतही फार बरी स्थिती नव्हती. वडिलांचे किराणा दुकान आहे. मुलाला तीसपर्यंतचे पाढे पाठ करायला लावायचे आणि संध्याकाळी दोन तास शिकवणीला पाठवायचे, हे त्यांनी ठरवूनच टाकले होते. आई मात्र हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, त्याच्या डोक्यात काही कमी तर नाही ना?”

ही चाचणी कशासाठी असते, हे मी आधी सांगितले. राज्यात नियतकालिक मूल्यांकनाखाली होणारी पायाभूत चाचणी मागील इयत्तेच्या अभ्यासक्रमावर असते. तिच्यात पास-नापास नसते आणि मुलाचे कुठे राहून गेले आहे हे शिक्षकांना कळावे, एवढाच तिचा हेतू असतो. पालकांच्या मोबाइल गटावर वर्गातील सर्वांचे गुण उतरत्या क्रमाने टाकण्याची जी पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती या हेतूच्या नेमकी उलट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर मी उत्तरपत्रिका मागितली, कारण एकूण गुणांवरून मला काहीच कळत नाही. आकड्यांत मांडलेल्या वजाबाक्या, हातच्याच्यासुद्धा, त्याने बरोबर सोडवल्या होत्या. शाब्दिक उदाहरणांपैकी दोन कोरी होती आणि उरलेल्यांत दिलेल्या संख्यांची सरसकट बेरीज केलेली होती. मी एक उदाहरण लिहून त्याच्यापुढे ठेवले: ‘रस्त्याच्या दुतर्फा ८४ झाडे लावली. त्यांपैकी ३७ झाडे उन्हाळ्यात वाळली. तर किती झाडे शिल्लक राहिली?’ ‘रस्त्याच्या’ या शब्दावर तो तीनदा अडला, ‘दुतर्फा’ सोडून पुढे गेला आणि शेवटपर्यंत पोहोचेतो सुरुवात विसरला होता. काय करायचे, असे विचारल्यावर म्हणाला, “बेरीज.” तेच उदाहरण मी वाचून दाखवले, तेव्हा ४७ हे उत्तर त्याने कागदावर न मांडताच सांगितले.

येथे निष्कर्ष काढून मी मोकळी होणार होते; परंतु खात्रीसाठी आणखी एक वजाबाकी तोंडी सांगितली, त्रेसष्टातून अठ्ठावीस. त्याने उत्तर दिले आठ. वहीत पाहिले तर त्याने ६३ ऐवजी ३६ लिहिले होते, आणि ३६ मधून २८ गेले की ८ उरतात, हे त्याचे गणित चोख होते. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, तर लिहिताना सहा आधी लिहावा लागतो. ही उलटापालट अनेक मुलांना दीर्घकाळ छळते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन सुचवले, तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली होती. जुनी संख्यानामे जावीत असे मलाही वाटत नाही, पण त्या सूचनेमागची अडचण खोटी नव्हती, हे अशा वह्या पाहताना दर वेळी जाणवते.

दुसरीच्या पातळीचा एक सोपा उतारा त्याला वाचायला दिला, तेव्हा मिनिटाला सत्तावीस शब्द झाले. मुलांना लहान वयातच वाचन आणि गणिताचा पाया मिळावा यासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट आहे. (‘रस्त्यावरच्यासुद्धा’ हाही मराठीत एकच शब्द मोजला जातो, म्हणून या आकड्याकडे मी थोड्या सैलपणे पाहते.) अक्षरे जुळवण्यातच सारे लक्ष खर्च झाले, तर विचारले काय आहे हे धरून ठेवायला मनात जागा उरत नाही. आईला विचारल्यावर कारणाचा एक धागा हाती लागला: त्याची पहिली २०२१-२२ ची. त्या वर्षी बरेच महिने शाळा बंद होती आणि पहिलीची अक्षरे तो वडिलांच्या मोबाइलवर, तेही दुकान बंद झाल्यावर, शिकला होता.

आईच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिले. गोष्ट ऐकून ती क्रमाने सांगणारे, मनातल्या मनात वजाबाकी करणारे मूल बुद्धीने कमी नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी मूळची अडचण, असू शकते का, तर असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि गरज पडल्यास तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्यायला हवी. परंतु ज्याला धड शिकवलेच गेले नाही, त्याला आधी शिकवून पाहावे लागते. म्हणून प्रथम डोळे आणि कान तपासून घेतले (दोन्ही ठीक निघाले) आणि तीन महिने नियमित सराव करण्याचे ठरले.

पाढे आणि शिकवणी दोन्ही थांबवली. रोज पंधरा मिनिटे आईने एक परिच्छेद वाचायचा आणि तोच त्याने पुन्हा वाचायचा. शाब्दिक उदाहरणात पेन्सिल उचलण्याआधी काय घडले ते स्वतःच्या शब्दांत सांगायचे. वडिलांनी दुकानात बिल करताना किंमत तोंडाने सांगायची आणि ती मुलाने लिहायची. वडिलांना हे पटले नाही. “दुकानात बसवला तर अभ्यास कधी करणार, मॅडम?” असे त्यांनी विचारले. दिवसाला दहाच बिले, एवढ्यावर तडजोड झाली. ज्या पालकांना मुलाची अडचण गणिताची की वाचनाची हे घरी पाहायचे असेल, त्यांनी एका पातळीची दोन शाब्दिक उदाहरणे घ्यावीत, एक मुलाला वाचू द्यावे आणि दुसरे आपण वाचून दाखवावे. दोन्हींच्या उत्तरांत मोठा फरक पडत असेल, तर पाढ्यांच्या मागे लागू नये.

दिवाळीनंतर ते पुन्हा आले. सत्राच्या अखेरीस होणाऱ्या संकलित चाचणीत गणिताचे गुण बऱ्यापैकी वाढले होते, भाषेचे जेमतेम. वाचनाचा वेग मिनिटाला बेचाळीस शब्दांवर आला होता. वडिलांनी खिशातून बिलांच्या कागदांची चळत काढून दाखवली. पहिल्या आठवड्यात ‘पंच्याऐंशी’चे ५८ झालेले दिसत होते, पुढे तशा चुका विरळ झाल्या होत्या. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचे का, असे त्यांनी जाता जाता विचारले. तो निर्णय उन्हाळ्यात घेऊ, असे मी म्हटले, कारण ‘प्रकाश’, ‘सूर्य’, ‘राष्ट्र’ आणि ‘वाऱ्यावर’ या चार शब्दांतला र त्याला तेव्हाही चार वेगळी अक्षरे वाटत होता. डिसेंबरभर तेवढ्यावरच काम करायचे ठरले. जानेवारीतही वाचन तिथेच अडले, तर तज्ज्ञांकडे तपासणीसाठी पत्र द्यायचे, असेही ठरले.