शेजारधर्म: "येशू म्हणजे अर्धा देव, अर्धा माणूस का हो?"

प्रश्न: सिस्टर, आमच्या वरच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचा डबा आला. नात त्यांच्याकडचा येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा बघून आली आणि रात्री मला विचारते, "आजी, येशू देव होता की माणूस?" मी म्हटलं, अवतार होता, आपल्या कृष्णासारखा. दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "अवतार नाही हो." मग काय, ते मात्र तिला सांगता येईना. आणि माझी स्वतःची एक शंका आहे. तो देव होता, तर क्रुसावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असं तो कोणाला म्हणाला?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, तुमच्या शेजारणीची फजिती झाली याचं मला नवल नाही. माझीही झाली होती, सातवीत असताना. वर्गातल्या मैत्रिणीनं हाच प्रश्न केला आणि मी ठोकून दिलं, "नरसिंहासारखा. अर्धा हा, अर्धा तो." मैत्रिणीचं समाधान झालं, माझंही झालं. संध्याकाळी मोठ्या ऐटीत आजोबांना सांगितलं. आजोबा मूळचे नगरकडचे, मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पुढे इंदूरला येऊन राहिले. चर्चमध्ये हिंदी आणि घरात मराठी, असा आमचा संसार. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अर्धाच माणूस असेल, तर क्रुसावर मरणही अर्धंच झालं म्हणायचं. आणि अर्धा देव कोणाला तारणार गं?"

तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. पण सगळी गोष्ट तिथंच आहे. ख्रिस्ती श्रद्धा अशी की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. पन्नास टक्के हे नि पन्नास टक्के ते, असा हिशेब नाही. देवानं माणसाचं सोंग घेतलं असंही नाही, आणि एखाद्या सज्जन माणसाला देवपद मिळालं असंही नाही.

हे डोक्यात शिरणं अवघड जातं, म्हणून मी लोकांना शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, नौकेचा प्रसंग सांगते. मार्कच्या चौथ्या अध्यायात आहे. दिवसभर लोकांना शिकवून येशू इतका दमलाय की नौकेच्या मागच्या बाजूला उशाशी उशी घेऊन झोपलाय. वादळ सुटतं, लाटा आत येतात, तरी त्याला जाग नाही. शिष्य हलवून उठवतात. तो उठतो, वाऱ्याला दटावतो आणि वारा पडतो. झोपलेला आणि दटावणारा, दोघं वेगळे नाहीत. योहानाच्या अकराव्या अध्यायातही तेच. मित्र लाजर गेला, तिथं वाक्य आहे दोनच शब्दांचं: "येशू रडला." आणि थोड्याच वेळात रडणारा तोच त्या मेलेल्या मित्राला हाक मारून कबरेबाहेर बोलावतो.

आता अवतार. आमच्या नाताळच्या गाण्यांत "अवतरला" हा शब्द राजरोस येतो, तेव्हा तुम्ही तो वापरलात म्हणून कोणी कानाला हात लावायला नको. पण दोन ठिकाणी तो बसत नाही. एक, गीतेत "युगे युगे" आहे. ख्रिस्ती श्रद्धेत हे एकदाच घडलं, रोमन सत्तेखालच्या यहूदियात; क्रुसावरचं मरण तर पंतय पिलात नावाचा सुभेदार असताना. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या मराठीत "अवतारसमाप्ती" हा शब्द आहे ना? काम झालं, देह ठेवला. येशूच्या बाबतीत अवतारसमाप्ती नाही. मरणातून पुन्हा उठल्यावरही तो थोमा या शिष्याला हातांतले खिळ्यांचे व्रण दाखवतो. घेतलेलं माणूसपण त्यानं परत केलं नाही. तो आजही माणूस आहे, असं आम्ही मानतो. म्हणून आमच्याकडे शब्द रूढ झाला तो "देहधारण".

हे सगळं पहिल्याच दिवशी ठरलं होतं, असं मात्र समजू नका. चांगली तीन-चारशे वर्षं भांडणं झाली. सुरुवातीला काहींना तो देव असल्याचं मान्य, पण देह खरा असल्याचं पटेना. म्हणत, नुसता भास होता. मग अलेक्झांड्रियाचा एरियस उलटं म्हणाला: पुत्र, म्हणजे येशू, थोर खरा, पण देवानं निर्माण केलेला, म्हणजे देवाच्या खालचाच. ३२५ साली कॉन्स्टंटाइन बादशहानं निकिया इथं बिशपांची परिषद भरवली, तिथं ठरलं की पिता ज्या तत्त्वाचा, पुत्रही त्याच तत्त्वाचा. ठरलं म्हणजे मिटलं नाही. याच मुद्द्यावर ठाम राहिलेल्या अथनेशियस नावाच्या बिशपला पुढे पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. मुनसिपालटीची भांडणं बरी म्हणायची!

मला स्वतःला भिडतो तो या भांडणातला अपोलिनारिसचा प्रसंग. भला माणूस, बिशप होता. त्यानं मध्यममार्ग काढला की येशूचा देह माणसाचा, पण मनबुद्धीच्या जागी साक्षात देवाचा शब्द, म्हणजे देवपुत्रच. त्यावर नाझियान्झसच्या ग्रेगरी या आचार्यांनी उत्तर दिलं ते असं: जे त्यानं घेतलं नाही, ते बरं झालं नाही. मन घेतलं नसेल, तर माझं मन तसंच आजारी राहिलं.

मी अडतीस वर्षं वॉर्डात काढली, ताई. ड्रेसिंग करताना जो कोपरा आपण पुसायचा टाळतो, पू तिथंच धरतो. त्यामुळे ग्रेगरीचं म्हणणं मला कोणी समजावून द्यावं लागलं नाही. "येशू" या नावाचा अर्थच "परमेश्वर तारतो" असा आहे. तारणं हे देवाचं काम आणि तारायचं माणसाला, तेही अख्ख्याला, त्याच्या भीतीसकट.

शेवटी ४५१ साली काल्सेदोन इथं, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, बिशपांच्या परिषदेत सूत्र ठरलं: व्यक्ती एक, स्वभाव दोन, म्हणजे देवपण आणि माणूसपण. ते दोन कसे नांदतात, तर मिसळ नाही, बदल नाही, तुकडे नाहीत, ताटातूट नाही. बघा, चारही वेळा "नाही". कसं आहे ते सांगायच्या फंदात ते पडलेच नाहीत, आणि मला वाटतं शहाणपणा केला. दूध-साखरेचा दाखला द्यावा तर साखर विरघळून जाते; तेल-पाण्याचा द्यावा तर दोन्ही वेगळी राहतात. जुने आचार्य भट्टीतल्या लोखंडाचा दाखला देत: लालभडक कांब, लोखंड लोखंडच आणि विस्तव विस्तवच. त्यातल्या त्यात तो बरा.

आता गंमत. रात्रपाळीला माझ्याबरोबर केरळची एक सिस्टर असे, सिरियन ऑर्थोडॉक्स या जुन्या पंथाची. तिच्यापुढे मी हे दोन स्वभाव मांडले, तर ती म्हणाली, "आमच्यात असं म्हणत नाहीत. देवपण-माणूसपण जुळून झालेला एकच स्वभाव." काल्सेदोनचं सूत्र त्यांच्या चर्चनं मानलंच नव्हतं. पहाटेपर्यंत वाद घातला आणि लक्षात आलं की अर्धा देव तिलाही नको होता, मलाही नको होता. १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे आणि तिच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू इग्नेशियस झक्का पहिले यांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की फरक शब्दांचा होता, श्रद्धेचा नाही. १५३३ वर्षं लागली. आमचं एका पाळीत आटोपलं!

तुमची शंका राहिली. ते वाक्य येशूचं स्वतःचं नव्हे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या बाविसाव्या स्तोत्राची ती पहिली ओळ. लहानपणापासून पाठ असलेलं माणसाच्या तोंडी येतं, तसं. पुढे ते स्तोत्र देवाच्या स्तुतीवर जातं, म्हणून काही उपदेशक सांगतात की येशू निराश नव्हताच. मला ही सारवासारव आवडत नाही. तो ओरडला, मोठ्यानं ओरडला, असं मार्क लिहितो. कोणाला, तर पित्याला. आमच्या श्रद्धेत पिता आणि पुत्र देव म्हणून एक, पण पुत्र म्हणजे पिता नव्हे. त्यामुळे तो स्वतःशीच बोलत नव्हता. आणि माणूस म्हणून त्यानं तो एकटेपणा खरोखर भोगला.

एकदा कॅन्सरचे एक आजोबा होते वॉर्डात, गळ्यात तुळशीची माळ. रात्री अडीचला त्यांनी माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे बोट केलं. "सिस्टर, यांना दुखलं होतं का हो?" मी म्हटलं, "हो, ओरडले होते." आजोबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग मी ओरडलो तर चालेल ना?" मी दार ओढून घेतलं आणि त्यांच्याजवळ बसले.

नातीला नरसिंह सांगू नका, नौका सांगा. मुलांना ती आवडते. आणि करंज्यांचा डबा अजून तुमच्याकडेच असेल, तर संक्रांतीला तिळाच्या वड्या भरून वर पाठवा. देताना शेजारणीला म्हणावं, मलाही चटकन सांगता आलं नव्हतं.