आधी एक डोळा झाक

बाळा,

लायसन्सच्या फॉर्म १ मधल्या, म्हणजे तब्येतीबद्दल आपणच लिहून द्यायच्या कागदातल्या, एका प्रश्नापुढे 'होय' करून तू पुढे सरकला असशील. दिवसाच्या चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर लावून, २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का? यातला 'प्रत्येक' हा शब्द सगळेच गाळून वाचतात. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा कमजोराची बाजू सांभाळून घेतो, वर्षानुवर्षं पत्ता लागू देत नाही.

म्हणून एखाद्या सकाळी रंकाळ्यावर जा. उभ्या गाडीपासून २५ मीटर टेपने मोज. टेप नसेल तर साधारण ३३ पावलं. डावा डोळा तळव्याने झाक, पण दाबू नको. दाबलेल्या डोळ्याला नंतर थोडा वेळ धूसर दिसतं. 'एमएच ०९' सोड, ते इथे पाठच असतं. शेवटचे चार आकडे वाच. मग उजवा झाक आणि गाडी बदल, नाहीतर डोळ्याऐवजी आठवणच वाचते. डोळे बारीक करायचे नाहीत. फट बारीक झाली की चष्म्याचा नंबर असूनही आकडे जरा ठळक दिसतात.

हे जमलं म्हणून रात्रीचं जमलं असं नव्हे. गळीत हंगामात कागल-मुरगूड रस्त्यावर उसाची ट्रॉली पुढे असते, बाहेर आलेल्या उसाने मागचा दिवा झाकलेला. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते; म्हणजे २५ मीटरला दीड सेकंद. समोरच्या हेडलाइटला किरणं फुटलेली दिसली तर आधी गाडीची काच आतून पूस, मग चष्मा. तरी राहिलं तर डोळे तपासून घे. रात्रीचे म्हणून विकतात ते पिवळे चष्मे नकोत, आहे तो उजेडही कमी करतात.

तुझ्या वयात काढलेलं खासगी गाडीचं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं, तोवर कुणी विचारायला येत नाही. (टेम्पो घेतलास तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो.) तेव्हा दर दोन वर्षांनी आपणच डोळे तपासायला जायचं, चष्मा असेल तर दरवर्षी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांग. तो आधी कडेची नजर खातो. ६ मीटरवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो आणि बाजूने येणारी मोटरसायकल दिसत नाही.

डोळ्याचा आतला पडदा तपासायला ड्रॉप्स घालतात, बाहुली काही तास मोठी राहते, उन्हात डोळे उघडवत नाहीत. त्या दिवशी मित्राला सोबत ने, येताना गाडी त्याला चालवू दे.