इंडेक्स मॅक्सपेक्षा लहान आहे हे तपासलंय, तरी रिव्ह्यूमधे नावं का ठेवली?

तुमचा प्रश्न लिनक्स कर्नलच्या सी कोडबद्दल. तो असा की युजरकडनं आलेला इंडेक्स (ॲरेतला कितवा घटक तो नंबर) मॅक्सएवढा (ॲरेतल्या घटकांच्या संख्येएवढा) किंवा मोठा असला की एरर देऊन परत पाठवताय, मग अजून काय पाहिजे. आधी सांगा, इंडेक्स इंट, म्हणजे उणे आकडेही धरणारा टाईप, आहे का? असला तर उणे एक पण मॅक्सपेक्षा लहानच की! चेक आरामात पास आणि तुम्ही ॲरेच्या अलीकडच्या मेमरीत. आमच्या सांगली-मिरज एसटीत कंडक्टर मागच्या दारात उभा आणि पुढचं दार सताड उघडं, तसलं काम. ॲरे_साईझ (घटक मोजणारा) मॅक्रोशी तुलना केली असली तर वाचता, कारण तो साईझ_टी हा अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडा न धरणारा टाईप देतो आणि तुलनेत उणे आकडाही अनसाइन्ड होऊन प्रचंड मोठा बनतो, पण त्या नशिबावर राहू नका.

लिनक्सच्या परफमधे (कामगिरी मोजायची सोय) हेच झालेलं, त्या सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी नंबर सीव्हीई-2013-2094. युजरकडनं येणारं कन्फिग फील्ड 64 बिट अनसाइन्ड, फंक्शनमधे घेतला इंटमधे, वरची हद्द तपासली, खालची नाही, आणि पुढं त्याच इंडेक्सवरचा काउंटर एकानं वाढवायचा. तेवढ्यावर साधा युजर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला, व्हायचा. दुरुस्ती काय, तर इंटच्या जागी यू64 (64 बिट अनसाइन्ड), बास.

माझी स्वतःची चूक अजून बावळट. विश्रामबागेत खोलीवर ड्रायव्हर लिहीत होतो, आठ चॅनेलचा ॲरे, आणि चेकमधे नुसतं 'मोठा', 'बरोबर' विसरलेलो. आठ नंबर आला की स्ट्रक्चरमधला पुढचा पॉइंटर खराब, पण क्रॅश तिथं नाही, ड्रायव्हरचं मॉड्युल काढताना केफ्रीमधे (मेमरी परत देणारं फंक्शन), म्हणजे मी दोन रात्री भलतीकडंच शोधतोय. केसॅन, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणारं कर्नलचं साधन, गप्प, कारण एकाच ऑब्जेक्टच्या आत लिहिलं तर त्याला कळत नाही. यूबीसॅन या दुसऱ्या तपासणी-साधनाचा बाउंड्स (ॲरेची हद्द बघणारा) पर्याय चालू केला तेव्हा लगेच ओळ नंबरासकट सापडलं. तुम्ही पण चालू करा.

राहिला ॲरे_इंडेक्स_नोस्पेक हा मॅक्रो, रिव्ह्यूत बहुतेक त्याबद्दलही लिहिलं असणार. जानेवारी 2018 मधे स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी बाहेर आली ना, त्यासाठी. प्रोसेसर चेकचा निकाल लागायच्या आधीच अंदाजानं पुढं पळतो, नंतर माघार घेतो खरा पण कॅशमधे (प्रोसेसरची जवळची झटपट मेमरी) खुणा राहतात, आणि त्यावरनं गुपित डेटा ओळखता येतो. हा मॅक्रो ब्रँच (इफसारखा फाटा) न घेता बिटांचा मास्क लावून हद्दीबाहेरचा इंडेक्स शून्य करतो. तो चेकच्या नंतर घालायचा, चेकऐवजी नाही, नायतर चुकीच्या इंडेक्सला एरर न जाता गुपचूप पहिलाच घटक मिळेल.

इंडेक्सच्या डिक्लेरेशनची ओळ टाका, टाईप बघून सांगतो.