बायकांच्या ग्रुपबरोबर ट्रेकला जायचंय, पण मागे पडण्याची भीती वाटते. काय करू?

ग्रुपमध्ये एकही ओळखीची नाही, चालण्याचा वेग कमी, पाळीची तारीखही नेमकी त्याच दिवसांत आणि आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल ही धास्ती, असं तुम्ही लिहिलंय. तरीही जा, असंच मी सांगेन.

हळू चालणाऱ्या बाईमुळे ट्रेक अडलेला मी पाहिला नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब आजही चालतो: तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. यात थांबे, दमणं काहीच धरलेलं नाही, त्यामुळे चांगला गाइड त्यावर भरपूर वेळ राखून ठेवतो. ट्रेक अडतो तो लपवाछपवीमुळे. दम लागलेला असताना इतरींच्या बरोबरीने रेटून चालणारी बाई दुपारपर्यंत पार गळून जाते, आणि मग तिची सॅक दुसऱ्या कुणाला तरी उचलावी लागते. चालताना बोलता येईल एवढाच वेग ठेवा. पहिल्याच दिवशी गाइडला सांगा, ‘मी हळू चालते.’ तो तुम्हाला पुढे, स्वतःच्या मागेच चालवेल.

टाचेचंच बघा. बुटात एका जागी गरम लागायला किंवा चुरचुरायला लागतं, तेव्हा कातडी अजून शाबूत असते. त्याच क्षणी थांबायचं, मोजा काढायचा, टाच कोरडी पुसायची आणि मेडिकल टेप सुरकुती न पडू देता चिकटवायची. पाच मिनिटांचं काम. पण ‘आता कशाला सगळ्यांना थांबवा’ म्हणत पुढच्या मुक्कामापर्यंत ओढलंत, की फोड येतो, फुटतो, आणि उरलेले सगळे दिवस लंगडत काढावे लागतात.

पाळीचंही तसंच. प्रवास आणि दमणूक यांमुळे तारीख पुढेमागे होऊ शकते, म्हणून सामान सगळ्यांनीच जवळ ठेवावं. पॅडमध्ये प्लास्टिक असतं, त्यामुळे ते पुरायचंही नाही आणि जाळायचंही नाही. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून, ती वर एका काळ्या पिशवीत ठेवून परत आणायचं. पॅडऐवजी मेन्स्ट्रुअल कप (पाळीत आत बसवायचा मऊ कप) वापरायचा असेल तर दोन-तीन पाळ्या आधी घरी सवय करा, डोंगरात पहिला प्रयोग नको.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. आडोसा शोधावा लागू नये म्हणून बऱ्याच जणी पाणीच कमी पितात आणि लघवी दाबून ठेवतात. कृपा करून हे करू नका. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, डोकं दुखतं, पायात गोळे येतात. सगळ्या बायकाच आहेत याचा फायदा इथेच घ्यायचा: ‘जरा थांबा गं’ म्हणायचं, एकीला पाठमोरी उभी करायचं, झालं. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब जा आणि वापरलेला कागद परत आणा. तुम्ही थांबलात की आणखी दोघी-तिघी सुटकेचा श्वास टाकत मागोमाग येतात, हे मी कायम बघत आलेय.

ट्रेक २५०० मीटरच्या वर जाणार असेल तर डोकेदुखी आणि मळमळ अजिबात लपवू नका. विरळ हवेचा त्रास सुरू झाल्यावर आणखी वर चढणं जिवावर बेतू शकतं. ३००० मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नसावी, असा दंडक आहे. पैसे भरण्याआधी रोजच्या मुक्कामांची उंची विचारून घ्या. रांगेच्या अगदी शेवटी कोण चालतं, हेही विचारा. तिथे जाणता माणूस नसेल तर दुसरा ग्रुप शोधा.

सॅक तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जड नको. आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. ओझं कमरेवर यायला हवं. हीच भरलेली सॅक घेऊन, तेच बूट घालून आधी काही आठवडे जिने चढा-उतरा. उतारावर अंगठे बुटाच्या टोकाला आपटतात, म्हणून बूट किंचित मोठे घ्या आणि ट्रेकला निघायच्या दोन-तीन दिवस आधीच नखं कापून ठेवा.