छंद-संवाद : सहाशे शिपाई, दोन खोल्या

प्रश्न : मी अठ्ठेचाळीस वर्षांचा असून नागपुरात मनीषनगर भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेली अकरा वर्षे मी टेबलावर मांडायचे युद्धखेळ खेळत आहे. आज माझ्याकडे २८ मिलिमीटर मापाच्या सुमारे सहाशे फिगर, म्हणजे शिपायांच्या छोट्या प्रतिकृती, आहेत. त्यांत नेपोलियनच्या काळातले इंग्रज व फ्रेंच, मध्ययुगीन भालाईत आणि काही कल्पनारम्य राक्षससेना असे सगळेच आहे, पण दोनशेही रंगवून झालेल्या नाहीत. तीन खेळांचे तर खोकेही उघडलेले नाहीत. दिवाण भरला, माळा भरला. नवे आणायचे तर जुने काढा, असे पत्नीचे म्हणणे आहे आणि माझ्याने तर काहीच काढवत नाही. काय करावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रात सहाशेचा आकडा आहे, खोक्यांचा हिशेब आहे, परंतु आपण अलीकडे कोणती लढाई मांडली याचा उल्लेख कुठेही नाही. मला खरी अडचण तिथे दिसते. फिगर खोक्याने विकत मिळतात, म्हणून आपण खोक्याने विचार करू लागतो. खेळ मात्र लढाईने होतो आणि लढाईला दोन बाजू, एक भूमी आणि ठरावीक तुकड्या लागतात. तेव्हा आधी लढाई ठरवावी आणि मग तिला लागतील तेवढेच शिपाई मोजावेत.

लढाईसाठी आपल्याला शहराबाहेर जाण्याचीही गरज नाही. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांची फौज आणि इंग्रज कंपनीचे सैन्य यांच्यात जी लढाई झाली, ती टेबलासाठीच घडली असावी इतकी आटोपशीर आहे. एक मोठी आणि एक लहान अशा दोन टेकड्या आणि समोर वस्ती, एवढी भूमी पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या पदरी असलेल्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवर वळवली; त्यानंतर बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्यांनी मैदानात उतरून केलेल्या हल्ल्याने पारडे फिरले. ती लहान टेकडी राखता आली असती का, हा प्रश्न घेऊन डाव मांडला तर दोन्ही खेळाडूंना शेवटपर्यंत विचार करावा लागतो. कंपनीच्या दोन मद्रासी पलटणींना प्रत्येकी १६, घोडदळाला १२, तोफांपाशी ८ आणि भोसल्यांच्या बाजूला सव्वाशेच्या आसपास, अशा सगळ्या मिळून पावणेदोनशे फिगर होतात. आपल्याकडच्या इंग्रजांचे लाल कोट चालतील. कंपनीच्या शिपायांचे शिरोभूषण मात्र वेगळे असल्यामुळे डोकी बदलावी लागतील आणि भोसल्यांची फौज बहुतांशी नव्याने जमवावी लागेल. ही खरेदी मी बिनदिक्कत सुचवतो, कारण तिला शेवट आहे.

उरलेल्यांचे काय करावे, हे ठरवताना मला आपल्याकडचा तान्हा पोळा आठवतो. घरातला लाकडी नंदी वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो, पण त्या दिवशी तो हमखास बाहेर निघतो, सजतो, गल्लीत मिरवतो. म्हणून त्याची अडगळ कोणालाही वाटत नाही. जी सेना वर्षातून एकदाही टेबलावर उतरत नाही, ती नव्या खेळाडूला द्यावी किंवा विकावी. न उघडलेले तीन खोके आधी जाऊ द्यावेत. त्यांना किंमतही चांगली येईल. मध्ययुगीन भालाईत मात्र ठेवावेत, कारण प्राचीन व मध्ययुगीन लढायांसाठी १९९० पासून प्रचलित असलेल्या डीबीए या नियमावलीत एका बाजूला अवघे १२ गट लागतात आणि संध्याकाळच्या चहाच्या वेळात डाव संपतो.

मांडणीबद्दल थोडे सांगतो. बेसच्या, म्हणजे फिगरच्या पायाखालच्या चकतीच्या, तळाला लहान चुंबक चिकटवून फिगर पत्र्याच्या पेटीत उभ्या ठेवल्या तर कमी जागेत पुष्कळ मावतात आणि रंग घासला जात नाही. इतवारीत पेटी घेताना खिशात एक चुंबक असू द्यावा, कारण स्टीलच्या अनेक डब्यांना तो चिकटतच नाही. पेटी माळ्यावर ठेवू नये, कारण उष्णतेने फिगर वाकतात. मागच्या मे महिन्यात माझी रेझिनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची, एक तुकडी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दुपारभर राहिली आणि संध्याकाळी पाहतो तर आठही भाले मेणबत्तीसारखे वाकलेले. गरम पाण्यात बुडवून ते सरळ केले व लगेच थंड पाण्यात धरले, तेव्हा सहा वाचले. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचा, स्प्रेही इथल्या उन्हाळ्यात मारू नये. फिगरपर्यंत पोहोचण्याआधीच तो हवेत सुकतो आणि अंगावर खरखरीत पूड बसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात प्रायमर उरकून घ्यावा आणि बाकीचे वर्षभर ब्रशने रंगवावे.

पत्नीची अट मला रास्त वाटते. त्यांना सीताबर्डीच्या डावाला बोलवावे, आणि जमल्यास भोसल्यांची बाजू द्यावी.

प्रश्न : सासऱ्यांनी जपलेले शिशाचे जुने शिपाई आम्ही नव्या प्लायवूडच्या काचेच्या कपाटात मांडले. वर्षभरातच त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसू लागली आहे. ही बुरशी आहे का? — एक वाचिका, धंतोली

उत्तर : ही बुरशी नाही, शिसे गंजते आहे. नवे प्लायवूड आणि त्यातला गोंद यांतून आम्लयुक्त वाफा निघतात. बंद कपाटात त्या कोंडतात आणि दमट हवेच्या साथीने शिशाचे पांढऱ्या क्षारात रूपांतर करतात. आपल्या घरी कूलर त्याच खोलीत चालत असेल तर उन्हाळ्यातसुद्धा हवा कोरडी राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. शिपाई आजच कपाटातून काढावेत. ती भुकटी विषारी असते, म्हणून फुंकर मारू नये, कोरड्या फडक्याने झटकू नये; हातमोजे घालून ओलसर कापसाने टिपावी, कापूस पिशवीत बांधून वेगळा टाकावा, शिपाई पूर्ण सुकू द्यावेत आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. त्यानंतर त्यांना काचेच्या किंवा धातूच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. एखाद्याचा पाय किंवा बंदूक आधीच भुसभुशीत झाली असेल तर तो शिपाई इतरांपासून वेगळा ठेवावा आणि त्याच्यावर नवा रंग मुळीच चढवू नये, कारण सासऱ्यांच्या वेळचा रंग जेवढा उरला आहे तेवढाच त्याचा खरा गणवेश आहे.