कीमॅन या कळफलक बनवायच्या सॉफ्टवेअरच्या नियमात एनीने (any) जुळवलेल्या अक्षराऐवजी इंडेक्स (index) भलतंच अक्षर का देतं? आणि र्य चा ऱ्य आपोआप कसा करावा?

एनी एका स्टोअरमधलं, म्हणजे अक्षरांच्या यादीतलं, कुठलंही अक्षर जुळवतं आणि इंडेक्स दुसऱ्या स्टोअरमधलं त्याच्या जोडीचं अक्षर देतं. पण इंडेक्समधला आकडा स्टोअरमधली जागा सांगत नाही. नियमाच्या डाव्या बाजूला तुमचं एनी कितव्या जागी आहे, ते सांगतो. व्यंजन, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि मग एनीने जुळवलेली कळ असेल तर कळ तिसरी, म्हणून 3. बहुतेकांचा हलन्त मोजायचा राहतो. दोन्ही स्टोअरमधला क्रम मात्र एकास एक हवा.

दुसऱ्या भागाचं उत्तर: आपोआप करूच नका.

फोंड्याला आमचं डीटीपीचं दुकान आहे. कळफलक मी आणि मावसभावाने मिळून केला. जादा कळ शिकवत कोण बसणार, म्हणून त्याने नियम घातला: र, हलन्त, पुढे य आला की ऱ्य. 'मानकऱ्यांच्या', 'पुजाऱ्यांना' सुरेख उमटायला लागलं. मग एका देवळाची जत्रेची पत्रिका आली. 'सूऱ्यास्तानंतर पालखी' असं छापून पाचशे प्रती गेल्यासुद्धा. भटजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. ते बोट मी विसरलेलो नाही.

भावाने अपवाद घातले. मागे सू असेल तर र्य तसाच राहू दे. कीमॅन लांब संदर्भाचा नियम आधी बघतं, फाइलमध्ये तो खाली असला तरी, म्हणून ते चाललं. मग आचार्य, मग धैर्य, मग कार्य. यादी संपेना. शेवटी मी कागदावर दोनच शब्द लिहून त्याच्यापुढे ठेवले. मांडवीच्या मुखाशी दर्या, चोर्ल्याकडे दऱ्या. द, र, हलन्त, य, काना. कळा त्याच, क्रम तोच. कुठला नियम ओळखणार? तो म्हणाला, दर्या कोण टाइप करतो! गोव्यात बसून हे बोलला. त्याचा नियम त्याच्या मशिनवर अजून आहे.

ऱ ला स्वतःची कळ द्या. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकात शिफ्ट धरून र दाबला की ऱ येतो, आमच्या ऑपरेटरच्या बोटांना दोन दिवसांत सवय झाली. कुठला र हवा ते लिहिणाऱ्याला माहीत असतं, कळफलकाला नाही.

एक सांगायचं राहिलं. ऱ कधी कधी र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन तुकड्यांत साठवलेला असतो. तिथे एकसंध ऱ शोधणारा नियम जुळत नाही. त्या जोडीसाठी वेगळी ओळ लिहा, आणि एनी तिच्यानंतर येत असेल तर त्या ओळीत इंडेक्सचा आकडा एकने वाढवा.