तोरणमाळला दोन सकाळी मिळणार असतील तर दोन्ही तलावाला द्या

राम राम भाऊ. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धुळ्याहून सातपुड्यातल्या तोरणमाळला, थंड हवेच्या ठिकाणी जाताय, दोन मुक्काम आहेत, नवा कॅमेरा आणि दोन लेन्स घेतल्यात, चालायची तयारी आहे, आणि दोन दिवसांत कोणकोणते पॉइंट उरकावेत असं तुम्ही विचारलंय. पॉइंटांची यादी आधीच्या उत्तरांत आली आहे. माझं मत वेगळं आहे. एकही पॉइंट उरकू नका. दोन्ही सकाळी यशवंत तलावाच्या काठावर काढा, उरलेल्या वेळेत पाय नेतील तिकडे जा. मी बरेच हिवाळे तिथे जातोय आणि माझे ठेवण्यासारखे जवळपास सगळे फोटो त्या एका काठावरचे आहेत.

याला कारण आहे. तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर, म्हणजे शहाद्याच्या सपाटीपेक्षा हजारेक मीटर उंच. तेवढ्या उंचीला साधारण सहा अंशांचा फरक पडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरा खेळ तलावाच्या खोलगटाचा आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर रात्री जमीन भराभर निवते, गार हवा जड होऊन उतारांवरून खाली सरकते आणि तलावाभोवती साचून राहते. पाणी मात्र दिवसाची ऊब धरून असतं. त्या उबदार पाण्यावर ती गार हवा बसली की पहाटे वाफा निघतात. पाण्यालगत कमरेएवढं धुकं तरंगतं आणि वरच्या टेकड्या स्वच्छ दिसतात. काठाच्या गवतावर दहिवर असतं, आणि कडक थंडीच्या रात्री तेही गोठून पांढरं होतं. म्हणून झोपण्याआधी बाहेर येऊन वर बघा. चांदण्या लख्ख आणि पान हलत नसेल तर गजर लावून झोपा.

त्या दिवसांत सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास उगवतो. तुम्ही सहाला काठावर हवेत, सव्वासहा म्हणजे उशीर. सूर्य नेमका पूर्वेला येत नाही, पंचवीसेक अंश दक्षिणेकडे सरकून आग्नेयेला येतो, हे जागा ठरवताना धरून चाला. धुकं उजळलेलं हवं असेल तर वायव्येच्या काठावरून सूर्याकडे तोंड करा. प्रतिबिंब हवं असेल तर उलट, सूर्याकडे पाठ. आणि इथे घाई करू नका, कारण पहिलं ऊन पाण्यावर येतच नाही. आधी समोरच्या टेकडीचा माथा तांबूस होतो, मग ऊन हळूहळू उतारावरून खाली येतं. टेकडी उन्हात आणि पाणी अजून सावलीत, अशी जी थोडी मिनिटं मिळतात, त्यात प्रतिबिंब सगळ्यात गडद आणि स्वच्छ उठतं. ऊन पाण्यावर पोचलं की हवा हलायला लागते, पाण्यावर शिरशिरी येते आणि प्रतिबिंब मोडतं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो. कॅमेरा पांढऱ्या धुक्याला करडं समजतो, म्हणून एक्स्पोजर एखादा स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना ते बघा. सूर्य चौकटीत आला की मात्र कमी करा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते ११, आणि ट्रायपॉड. लेन्सवर पोलरायझर फिल्टर असेल तर प्रतिबिंबाच्या वेळी काढून ठेवा, तो नेमकी पाण्यावरची चमक खातो. मोबाइलवर काढणार असाल तर उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेड थोडा खाली ओढा.

ट्रायपॉडबद्दल माझी चूक सांगतो, तुमची सकाळ तरी वाचेल. एका जानेवारीत काठाच्या चिखलात तिवई रोवली आणि पाचपाच सेकंदांचे फोटो घेत राहिलो. पडद्यावर सगळं छान दिसत होतं. घरी मोठं करून पाहिलं तर एकही धारदार नाही, वजनानं पाय हळूहळू खाली बसत होते. त्या दिवशीचं धुकं मला पुन्हा तसं मिळालेलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवतो, आणि दगड नसेल तर पाय आधी जोरानं दाबून बसवतो.

बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, जास्तीची आतल्या खिशात अंगाशी ठेवा. खोलीत परतताना कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करा आणि आत आल्यावर अर्धा तास उघडू नका, नाहीतर काचेवर पाणी धरतं.

आता चालण्याचं. साडेआठनंतर काठाकाठानं फिरा. कपडे एकावर एक चढवलेले हवेत, सहाला कानटोपी लागते आणि अकराला स्वेटर हातात येतो. दहिवरानं बूट भिजतात आणि कुसळं पायमोज्यांत घुसतात, तेव्हा मोज्यांचा दुसरा जोड हवाच. सोबत दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून घ्या, वाटेत काही मिळेलच असं धरू नका. सीताखाईच्या दरीकडे दुपारनंतर जा, पण धबधब्याच्या आशेनं नको, तो पावसाळ्याचा. कड्याजवळ वाळलेल्या गवतावरून बूट साबणावरून सरकावा तसा सरकतो, आणि खाली सुटा मुरूम असतो. कॅमेऱ्यात डोळा घालून एक पाऊलही टाकायचं नाही. आधी थांबा, मग बघा.

लांब लेन्स इथेच कामाला येते. दुपारी चारनंतर ऊन तिरपं झालं की सातपुड्याच्या सोंडा एकामागे एक फिकट होत जातात. सूर्य सहाच्या आत मावळतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात वाट दिसेनाशी होते, तेव्हा डोक्याला बांधायची बॅटरी जवळ ठेवा.

वाटेत पावरा आणि भिल्ल मंडळींचे पाडे लागतील. अंगणात शेकोटी, तिच्या धुरातून येणारं ऊन, फोटो काढावासा वाटणारच. आधी राम राम करा, बसा, विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा बॅगेत. आणि फोटो पाठवतो असं म्हणालात तर छापून पाठवा. मी एका आजींचा फोटो पुढच्या हिवाळ्यात नेऊन दिला, तेव्हापासून त्या घरी माझा चहा ठरलेला आहे.

पहिल्या सकाळी वारा निघाला आणि काहीच मिळालं नाही तरी दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर उभे राहा. जागा कळलेली असते, अंधारात चाचपडावं लागत नाही. रात्री ढग आले तर धुकं बहुधा बसणार नाही. अशा वेळी पाणी सोडून झाडांकडे वळा. ढगाळ उजेडात सागाच्या खोडांचा पोत, वाळक्या पानांचा तांबडा रंग आणि सलईची फिकट साल फार सुंदर येते, आणि तो उजेड दहा-अकरापर्यंत तसाच टिकतो.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे वर जाल. एसटीनं जाणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ शहादा स्थानकावरच विचारून घ्या. स्वतःची गाडी असेल तर घाट उजेडात चढा.